सावलीतली बाग : झाडांखाली काय लावावं?

‘आंब्याखाली काही येत नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा कानावर पडतं की ते खरंच वाटू लागतं. अंगणात किंवा घराच्या मागे एखादा जुना आंबा, फणस नाहीतर बकूळ असते. त्या झाडाखाली दर पावसाळ्यात हौसेने मोगरा, गुलाब, जास्वंद लावली जाते. गणपतीपर्यंत रोपं बरी दिसतात, दिवाळीला त्यांच्या काड्या होतात. दोन-तीन वर्षं हे झालं की मालक कंटाळून तिथे फरशी घालून टाकतो आणि दोष जागेच्या माथी मारतो.

पण श्रावणात भीमाशंकरच्या किंवा आंबोलीच्या जंगलात जरा आत शिरून बघा. वर आभाळ दिसत नाही आणि खाली पाऊल ठेवायला जागा सापडत नाही. तिथे खत घालायला कुणी जात नाही, की पाणी द्यायला. म्हणजे झाडाखाली उगवतं, भरपूर उगवतं. आपण लावतो ते उगवत नाही, एवढंच. चुकते ती निवड. ती नीट करायची तर चार गोष्टी क्रमाने बघाव्या लागतात : सावली कशी आहे, वरचं झाड कोणतं आहे, पावसाचं वेळापत्रक काय आहे आणि मग रोप कोणतं. बहुतेक लोक चौथ्यापासून सुरुवात करतात.

आधी सावली ओळखा

मे महिन्यातल्या निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स इतका उजेड असतो. दाट सदाहरित जंगलात त्यातला जेमतेम एक-दोन टक्के जमिनीपर्यंत पोचतो. घराजवळच्या आंब्याखाली एवढा अंधार नसतो, कारण कडेने तिरपा उजेड येतो आणि फांद्यांमधून कवडसे पडतात. या कवडशांना कमी लेखू नका. जंगलाच्या तळाशी राहणाऱ्या वनस्पती आपल्या अन्नाचा मोठा वाटा या काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या उन्हावरच तयार करतात.

सावलीत उजेड कमी असतो, तसा तो वेगळाही असतो. वरच्या पानांनी त्यातला लाल आणि निळा भाग आधीच वापरलेला असतो. उरलेल्या उजेडावरून ऊन आवडणाऱ्या रोपाला कळतं की आपल्या डोक्यावर कुणीतरी आहे, आणि ते उंच होण्याच्या मागे लागतं. पेरी लांबतात, पानं फिकी पडतात, कळ्या धरत नाहीत. मोगऱ्याच्या काड्या होतात त्या यामुळे. सावलीत वाढणाऱ्या वनस्पती या शर्यतीत उतरतच नाहीत. त्या पान रुंद, पातळ आणि गडद हिरवं करतात आणि मिळेल तेवढा उजेड टिपतात. सावलीतली बाग फुलांपेक्षा पानांनी शोभते, त्यामागचं कारण हेच.

आपल्या जागेतली सावली ओळखायला उपकरण लागत नाही. दुपारी बाराच्या सुमारास पांढरा कागद जमिनीवर ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली रेखीव पडली, तर जागा उजेडाची आहे. कडा पुसट दिसल्या, तर मध्यम सावली. सावली पडलीच नाही, तर गडद. ही चाचणी मे, ऑगस्ट आणि डिसेंबर अशा तिन्ही ऋतूंत करावी, कारण तीच जागा वर्षभरात रूप बदलते.

इथे परदेशी पुस्तकांपासून सावध राहायला हवं. ‘घराच्या उत्तरेला कायम सावली’ हा नियम लंडनमध्ये बराचसा खरा आहे, पुण्यात नाही. पुण्यात मेच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर उन्हाळाभर उत्तरेच्या भिंतीवर येतं. उलट डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की १० मीटर उंच इमारतीची भरदुपारची सावली उत्तरेला सुमारे ९ मीटर लांब पडते. त्यामुळे हिवाळ्यात ‘छान सावली’ म्हणून निवडलेल्या कोपऱ्यात ढग येण्याआधीच्या तीन-चार आठवड्यांत नाजूक नेचे करपून जातात. अशा ठिकाणी पहिली दोन वर्षं मे महिन्यापुरती हिरवी जाळी बांधावी.

वरचं झाड कोणतं?

आंबा, फणस, बकूळ, जांभूळ ही सदाहरित झाडं. त्यांच्याखाली बारा महिने सावली असते आणि हलक्या पावसाचं पाणीही पानांवरच अडतं. त्यांची अन्न शोषणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरात पसरलेली असतात. आपण घातलेलं पाणी आणि खत आधी तीच ओढून घेतात. आंब्याखाली रोप मरतं ते पुष्कळदा उजेडाअभावी नाही, तहानेने. याला ‘कोरडी सावली’ म्हणू या. बागेतली ही सर्वांत अवघड जागा.

काटेसावर, पांगारा, बहावा, शिरीष ही पानगळीची झाडं. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी किंवा ऐन उन्हाळ्यात उघडी पडतात. म्हणजे नेमकं रणरणतं ऊन असताना खालच्या रोपांवरचं छत नाहीसं होतं. इथे वर्षभर हिरवं राहणारं नाजूक रोप टिकत नाही. उन्हाळ्यात जमिनीखाली झोपणारी कंदवर्गीय रोपं मात्र खूश असतात.

तिसरा प्रकार नारळाचा. नारळ साधारण ७.५ मीटर अंतरावर लावतात, आणि त्याची बहुतेक मुळं बुंध्यापासून सुमारे २ मीटरच्या आत राहतात. झावळ्यांतून उजेड झिरपत असतो. दोन माडांमधली ही जागा म्हणजे सावलीच्या बागेसाठी आयती सोय.

पावसाचं घड्याळ

युरोपातल्या जंगलात ब्लूबेल आणि स्नोड्रॉप ही फुलं झाडांना पालवी फुटायच्या आत फुलतात. हिवाळा संपत आलेला असतो, ओक-बीच अजून उघडे असतात, आणि तेवढ्या फटीत ती आपलं वर्षाचं काम उरकून घेतात. तिथली सगळी ‘वनबाग’ या वसंतातल्या फटीभोवती रचलेली असते.

सह्याद्रीत घड्याळ वेगळं आहे. आपल्याकडे अडचण थंडीची नाही, कोरड्या आठ महिन्यांची आहे. इथला जंगलतळ वळवाच्या पहिल्या सरीने जागा होतो. भुईचाफ्याचं पांढरं-जांभळं सुवासिक फूल पान यायच्या आधी थेट मातीतून वर येतं. शेवळाचंही तसंच; आधी फुलोरा, मग पान. मेअखेर आणि जूनमध्ये ठाणे-रायगडच्या बाजारात येणारे शेवळाचे कोंब म्हणजे हाच फुलोरा. त्याची खाज मारायला भाजीत काकडं घालावी लागतात, हे तिथल्या घराघरांत ठाऊक असतं. पाठोपाठ सापकांदा, काळी मुसळी, रानहळद, पेव, कळलावी वर येतात. दसरा-दिवाळीनंतर पानं पिवळी पडतात, आणि डिसेंबरनंतर या सगळ्यांचा मागमूस राहत नाही.

कंद मेलेला नसतो, झोपलेला असतो. पण नवखा बागकाम करणारा इथेच घाबरतो आणि जानेवारीत त्या जागी रोज पाणी घालत बसतो. झोपलेल्या कंदाला पाणी म्हणजे सड. अशा रोपांजवळ एक खुणेची काठी रोवून ठेवावी आणि जूनची वाट बघावी. सावलीच्या बागेत पाच महिने काही जागा रिकामी दिसणार, हे मान्य केलं की निवड निम्म्याने सोपी होते.

कुळागरातला धडा

झाडांखाली बाग करण्याची कला आपल्याला नवी नाही. गोव्यातलं कुळागर आणि श्रीवर्धन-दापोलीकडची नारळी-पोफळीची वाडी हे त्याचे जुने, कसोटीला उतरलेले नमुने आहेत. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेला मिरवेल किंवा नागवेल, मधल्या थरात केळी, जायफळ, पपनस, आणि तळाशी अननस, हळद, आलं, अळू. पाटाचं पाणी या सगळ्यांतून फिरतं. एकाच जमिनीच्या तुकड्यावर उजेडाची अशी चार मजली वाटणी केलेली असते, आणि जो जिथे बसतो तिथे तो त्या उजेडाला साजेसा असतो. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्राने हाच विचार पुढे नेऊन नारळात मिरी, जायफळ, दालचिनी अशी मसाल्याची पिकं घेण्याची ‘लाखी बाग’ शेतकऱ्यांपुढे ठेवली.

शहरातल्या अंगणात पोफळी लावा असं कुणी म्हणणार नाही. पण थरांची ही रीत दहा फुटांच्या पट्ट्यातही चालते : खोडावर वेल, मध्ये कमरेएवढी झुडपं, तळाला जमीन झाकणारी रोपं. एकाच उंचीची वीस रोपं ओळीने लावली, तर सावलीत ती उदास दिसतात.

रोपांची निवड

कोरड्या सावलीसाठी चिवट रोपं हवीत. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट यांचा पहिला मान. दोन्ही मूळची आफ्रिकेतली. झेडझेड आपल्या मांसल कंदात पाणी साठवतं, त्यामुळे आंब्याच्या मुळांच्या गर्दीतही तगून राहतं. स्पायडर प्लांट आणि गवतासारखं दिसणारं मोंडो ग्रास कडेला शोभतात. झुडपांत अडुळसा आणि चित्रक पहिल्या वर्षी पाणी दिलं की पुढे फारशी तक्रार करत नाहीत. कढीपत्ता तर मुळात जंगलातल्या मधल्या थरातलाच. अर्ध्या सावलीत तो बरा वाढतो.

ओल्या सावलीत, म्हणजे न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, विहिरीच्या कडेला किंवा माडांच्या मध्ये, निवड खूपच मोठी आहे. अळू, आलं, हळद, आंबेहळद, सुरण ही स्वयंपाकघरातली मंडळी इथे आनंदाने राहतात. मंडईतून डोळा असलेला सुरणाचा तुकडा आणून मेमध्ये पुरला, तर पावसाळ्यात त्याचं एकच एक मोठं, छत्रीसारखं उघडलेलं पान कोणत्याही महागड्या रोपाला मागे टाकतं. पिंपळी जमिनीवर पसरून ती झाकून टाकते आणि औषधी फळंही देते. मंडूकपर्णी ओलसर कडेला भरून येते. पेव पुरुषभर उंच होतो. त्याची खोडं मळसूत्रासारखी पिळत जातात आणि भाद्रपदाच्या सुमारास लाल कणसांतून पांढरी फुलं डोकावतात. कॅलेडियमची पांढरी-गुलाबी पानंही याच हंगामातली; तीही थंडीत झोपतात.

नेच्यांशिवाय सावलीची बाग पुरी होत नाही. नेफ्रोलेपिस सर्वांत सोपा. हंसराज विहिरीच्या दगडांत आपोआप उगवतो, पण कुंडीत एक दिवस कोरडा पडला तरी रुसतो. त्याला ओलसर, दगडी कोपराच द्यावा. बाशिंग हा नेचा मात्र खास बघण्यासारखा आहे. त्याला दोन प्रकारची पानं येतात. एक हिरवी, लांब, फाटलेल्या कडांची, अन्न बनवणारी. दुसरी आखूड, लवकरच तपकिरी होऊन खोडाला बिलगून राहणारी. या तपकिरी पानांच्या ओंजळीत वरून पडणारा पाचोळा अडकतो, कुजतो आणि नेच्याला घरबसल्या खत मिळतं. हिरवी पानं उन्हाळ्यात वाळून जातात, पावसात नवी येतात. आंब्याच्या खोडावर काथ्याने बांधलेला बाशिंग एखाद-दोन पावसाळ्यांत स्वतःच खोड धरतो. तो झाडाचा रस शोषत नाही. ते बांडगुळाचं काम.

फुलं हवीतच, तर अपेक्षा थोडी आवरून निवडावीत. गडद सावलीत बहुतेक फुलझाडं निराश करतात. दोन-चार तास सकाळचं कोवळं ऊन मिळणाऱ्या कडेला अबोली, कोरांटी, तगर आणि कुंती फुलतात. सोनटक्का ओल आणि अर्धी सावली मिळाली की पावसाळ्यात संध्याकाळी अख्खं अंगण दरवळून टाकतो. मेच्या सुमारास लाल गोळ्यासारखं फुलणारी फुटबॉल लिली आणि वर्षभर तग धरणारी पीस लिली या मध्यम सावलीतही फुलतात. तेरडा लावा, पण तेरड्याचा रंग तीन दिवस, हे लक्षात ठेवून. तो हंगामी आहे, बी मात्र भरपूर सोडतो.

पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची पानं अंधारा कोपरा उजळतात म्हणून लोकांना आवडतात. पण पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. असं रोप गडद सावलीत ठेवलं, तर ते अर्ध्या पानावर संसार करतं, आणि अनेकदा नवी पानं साधी हिरवीच येतात. त्यांना मध्यम सावली द्यावी. क्रोटनचे रंगही उन्हावाचून उतरतात.

एक वाफा आखून पाहू

समजा, पुण्यात एका आंब्याच्या पूर्वेला ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद जागा आहे. बुंध्यालगतचा मीटरभर पट्टा मोकळाच सोडावा. तिथे फक्त पाचोळा आणि खोडावर एखादा बाशिंग. त्यापुढच्या दीड मीटरमध्ये मुळांची दाटी आणि अंधार दोन्ही जास्त, म्हणून स्नेक प्लांट, झेडझेड आणि स्पायडर प्लांट यांचे तीन-तीन, पाच-पाच रोपांचे पुंजके. एकेक रोप सुटं लावलं, तर सावलीत ते हरवतं. बाहेरच्या दीड मीटरमध्ये, फांद्यांच्या घेराची कड येते तिथे, पावसाचं पाणी ठिबकतं आणि तिरपा उजेडही मिळतो. ही सर्वांत चांगली जागा पेव, रानहळद, सोनटक्का आणि नेफ्रोलेपिससाठी राखावी. अगदी काठावर, सकाळचं ऊन येतं तिथे, अबोलीची ओळ.

इथे एक हिशेब सांभाळायचा : झोपणाऱ्या प्रत्येक रोपामागे दोन बारमाही हिरवी रोपं. सगळे कंद एका कोपऱ्यात लावले, तर फेब्रुवारीत तो कोपरा उजाड होतो. नेच्यांच्या अधेमधे पेरले, तर त्यांची झोप कुणाच्या नजरेत भरत नाही.

लावणी आणि निगा

झाडाखाली कुदळ चालवू नये. खुरप्याने मुळांच्या मधल्या फटीत छोटे खड्डे घ्यावेत आणि अंगठ्याएवढं मूळ आडवं आलं, तर आपण बाजूला सरकावं. लहान रोपं लावावीत. ती मुळांच्या गर्दीत जागा शोधून घेतात, मोठी रोपं बावचळतात. बुंध्याभोवती मातीची भर घालून ओटा करण्याचा मोह आवरावा. मुळांना हवा लागते, आणि मातीखाली दबलेलं खोड कुजायला लागतं. मुळं फारच दाट असतील, तर सरळ कुंड्या ठेवाव्यात. कंद मेअखेर कोरड्या मातीत पुरावेत, बाकी रोपं पाऊस स्थिरावल्यावर लावावीत.

पाचोळा झाडून जाळू नये. कोकणात याला पातेरा म्हणतात, आणि जंगलतळाची सगळी श्रीमंती त्याच्यातच असते. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत पडलेलं लाकूड आणि सुका पाला उचलायलाही मनाई असे. देवाच्या भीतीने का होईना, माती पातेऱ्याखाली झाकलेली राहिली. बागेत दोन-तीन इंचांचा थर पुरे. फक्त बुंध्यापासून तो वीतभर दूर ठेवावा. पावसाळ्यात पाचोळ्यात गोगलगायी वाढतात. रात्री टॉर्च घेऊन त्या वेचणं हा सर्वांत भरवशाचा उपाय.

सावली फारच गडद असेल, तर झाडाच्या अगदी खालच्या दोन-चार फांद्या काढून छत वर उचलता येतं. शहरात मात्र १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याची आठवण ठेवावी आणि छाटणीआधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी.

काय टाळावं

वेडेलिया हे पिवळ्या फुलांचं जमीन झाकणारं रोप नर्सरीवाले हौसेने देतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ओढ्याच्या किंवा जंगलाच्या आसपास घर असेल, तर त्याला दारात उभं करू नये. लहान मुलं असलेल्या घरात डिफेनबाकिया हाताच्या टप्प्यात नको. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी तोंड आणि जीभ सुजते. कळलावी दिसायला देखणी, पण सगळी विषारी, कंद तर सर्वांत जास्त. ज्या वाफ्यात हळद-आलं खणून खायचं आहे, तिथे ती लावूच नये.

आणि शेवटची विनंती. भीमाशंकर, आंबोली, महाबळेश्वरला पावसात गेलात की सापकांदा, रानहळद, आमरी पाहून हात शिवशिवतात. तिथून काहीही उपटून आणू नका. अभयारण्यात तो गुन्हा आहेच, शिवाय ऐन फुलोऱ्यात उपटलेला कंद बागेत सहसा जगत नाही. लागवड केलेले कंद देशी वनस्पतींच्या नर्सरीतून घ्या, किंवा ज्याच्या वाडीत पेव-सोनटक्क्याचं बेट माजलं आहे त्याच्याकडून मेमध्ये दोन गड्डे मागून आणा. अशी बेटं दर दोन-तीन वर्षांनी विरळ करावीच लागतात, त्यामुळे देणाराही खुशीने देतो.